दोरावरची होडी

ताइ ओ या कोळ्यांच्या गावातल्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता. या काठापासून त्या काठापर्यंत दोर बांधलेला, आणि तो हातांनी ओढत सपाट होडी पलीकडे न्यायची, हे काम युत-होचं. तळहातांना इतके घट्टे पडलेले की कढत किटली ती फडक्याशिवाय उचलायची. जीभही तशीच कढत. कुणी होडीत थुंकला, तर भर पाण्यात होडी थांबवून ती त्याचा उद्धार करायची.

खाडीच्या पाण्यात रोवलेल्या खांबांवरच्या घरातच ती जन्मली आणि तिथंच विधवा झाली. नवरा वादळात गेला तेव्हा मुलगी चाळीस दिवसांची होती. घरात दाणा नव्हता, अंगावरचं दूध आटलं होतं. काठावरच्या दुकानवाल्या माकवहिनींना मूल नव्हतं. त्यांनी पोर घेतली, एकाच अटीवर: तिला कधी कळता कामा नये. युत-होने मान डोलावली. दुसरं काय करणार होती?

तीच पोर, सुक-यिंग, पुढे वीस वर्षं रोज होडीतून जायची, आधी शाळेला, मग कामाला.

"मावशी, ओढा ना लवकर, उशीर झालाय!"

"मग लवकर उठावं, महाराणी!"

एवढंच बोलणं. त्या फेरीला युत-हो मुद्दाम हळू ओढायची. तेवढ्या दोन मिनिटांवर ती बाई जगली, खोटं कशाला सांगू?

लग्नाच्या दिवशी नवरी निघाली तीही याच होडीतून. खांबांवरच्या घरांत चाल अशी, की पाणी ओलांडताना नवरीने गाण्यात आईला हाक घालायची आणि आईने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. हाक तशीच पाण्यात गेली तर पोरीचा संसार बुडतो. सुक-यिंग इथल्याच मुलींत वाढलेली. तिने सूर लावला, "आई गं, तुझी चूल आता कोण पेटवील?"

माकवहिनी शहरातल्या. त्यांना वाटलं पोर नुसती रडतेय. त्यांनी रुमाल पुढे केला.

काठ जवळ येत होता. युत-होने ओठ दाबून धरले. पोरीने पुन्हा हाक घातली, तेव्हा मात्र तिला राहवलं नाही.

"चूल मी पेटवीन, बाळा. तू मागं बघू नकोस."

सुक-यिंग तिच्याकडे बघतच राहिली. माकवहिनींचा चेहरा पांढराफटक पडला.

"उन्हाने डोकं फिरलं, वहिनी," युत-हो पुटपुटली.

"होडी लावा," त्या म्हणाल्या.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी नवरी भाजलेलं डुक्कर घेऊन माहेरी येते, अशी तिथली रीत. युत-हो होडी धुऊन, केस विंचरून सकाळपासून वाट बघत होती. "आज काय, तुझंच लग्न?" जोडीला दोर ओढणारी अ-लिन चिडवत होती.

इतक्यात खाडीतून इंजिनाची बोट आली. माकवहिनींनीच ती भाड्याने केली होती, थेट दुकानाच्या मागच्या दारापर्यंत. पुढे सुक-यिंग, मांडीवर डुकराची परात. मागे जावई आणि वहिनी.

बोट जायची तर आडवा दोर पाण्यात सोडावा लागतो. नावाड्याने भोंगा वाजवला. युत-हो दोर घट्ट धरून तशीच उभी.

सुक-यिंग उठून उभी राहिली. तिचे डोळे सुजले होते. तिने एकदा मागे वहिनींकडे पाहिलं.

"मावशी," ती कशीबशी म्हणाली, "दोर सोडा ना."

युत-होने दोर सोडला. बोट गेली, तरी तिने तो पुन्हा वर ओढला नाही. पलीकडच्या काठावर माणसं खोळंबून ओरडत होती.