परक्या चपला

दाढ ठणकत होती आणि देवावरून माझं मन पार उडालं होतं. साखरेनं आधी पाय बधिर केले, मग किडन्या नेल्या, आता हिरड्याही सुजल्या. डायलिसिस सुरू झाल्यापासून पाणी मोजूनमापून, त्यामुळे तोंड कायम कोरडं. सुनेनं बजावलं होतं, "बाबा, दाताचं आधी डायलिसिसच्या डॉक्टरांना विचारा." पण शाळा कमी शिकलो म्हणून मी कुणाचं ऐकून घेणारा नव्हे. मुलगा हिंजवडीला कंपनीत, सून तिच्या कामावर. डायलिसिस उरकून वारज्यात रिक्षातून उतरलो तो दाढ उपटून घ्यायचीच, असं ठरवून. दातांच्या डॉक्टरला डायलिसिसचं सांगायचंच नाही, नाहीतर चिठ्ठी आणा म्हणेल.

वाटेत दत्ताचं देऊळ लागलं. सवयीनं आत गेलो. हात जोडून म्हणालो, "पाय नेलेस, किडन्या नेल्यास, आता ही दाढ तरी ने." रागातच बाहेर आलो, चपला घातल्या आणि चालू लागलो.

"अहो आजोबा! माझ्या चपला घेऊन निघालात की!" मागून एक गृहस्थ अनवाणी धावत आले.

"डोळे तपासून घ्या. माझ्याच आहेत."

"टाच मागे लोंबतेय तुमची, कळत नाही का?"

खाली पाहिलं. खरंच लहान मापाच्या, परक्या चपला. बधिर पायांना पत्ताच नव्हता.

काढायला वाकलो तशी त्यांची नजर माझ्या हातावरच्या पट्टीकडे गेली. त्यांनी स्वतःची बाही वर सारली. तिथेही सुयांच्या खुणा. म्हणाले, "मला साखर नाही, पण मशीन तेच. आजच झालं वाटतं? मग घर सोडून कुठे?"

"दाढ काढायला."

"आज? अहो, रक्त गोठू नये म्हणून औषध देतात मशीनवर. मी असाच त्याच दिवशी दात काढून घेतला, रक्त थांबेचना. दवाखान्यात भरती व्हावं लागलं. आधी डॉक्टरांना विचारा."

दाताचा दवाखाना त्या दिवशी राहू दिला. आपापल्या चपला घालून दोघंही आपापल्या वाटेनं गेलो. नाव विचारायचं राहिलंच.

दुसऱ्या दिवशी सुनेबरोबर गेलो. डायलिसिसच्या डॉक्टरांनी दातांच्या डॉक्टरांशी बोलून घेतलं, साखर पाहिली, मगच दातांच्या डॉक्टरांनी दाढ काढली. रक्त आलं आणि थांबलं. कापसाचा बोळा दाताखाली धरून बसलो होतो, तेव्हा मनातच म्हणालो, दत्ता, ज्या पायांवरून तुला इतकं बोललो, त्याच पायांनी मला अडवलंस. आता काय न्यायचं, काय ठेवायचं, तुझं तू बघ. डॉक्टर म्हणतील तेव्हा मी तोंड उघडतो.