मामांच्या साक्षी

प्रार्थनेत डोळे मिटून बसणं मला कधीच जमलं नाही. चर्चचे पाळक "आपण शांत होऊ या" म्हणाले की माझा पाय हलायला लागतो. बायको म्हणते, "तुमच्या पायाला भिंगरी हाय, ती चपलांसंगं भाईर काढून येत जावा."

लातूरच्या आमच्या दगडी चर्चचा मी सेक्रेटरी. पण चर्च सांभाळतात ते आमचे शिपाई, सगळ्यांचे मामा. घंटा, कुलपं, आवारातल्या कडुलिंबांचा पाला, पावसाळ्याआधी पन्हळी मोकळ्या करणं, सगळं वीस वर्षं एकट्याने. मूळचे किल्लारीकडचे, पण भूकंपाचा विषय निघाला की उठून झाडू घेतात. त्यांचे आभार कधी कुणी मानले नव्हते. दोन वर्षांपूर्वी मलाच सुचलं, हंगामाच्या, म्हणजे सुगीच्या, सणाला मामांचा सत्कार करू. मग काय, उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग! शाल-नारळ आणले, बॅनर लावला, आणि चर्च आतून रंगवायला काढलं.

भिंतींवर जागोजागी जुन्या कॅलेंडरच्या बोटभर पट्ट्या खळीने चिकटवलेल्या होत्या. कधीतरी पोरांनी चिकटवल्या असतील असं मी धरून चाललो होतो. रंगाऱ्याला म्हणालो, "ही घाण आधी खरडून काढा." मामा तेव्हा दळण आणायला गेले होते. परतले, भिंतीकडे बघत उभे राहिले.

"सर, भिंतीचं थोडं बोलायचं व्हतं."

"मामा, सोमवारी बोलू. आता लई कामं पडलीत."

शनिवारी ते पुन्हा आले. मी खुर्च्या मोजत होतो. हातानेच थांबवलं त्यांना.

रविवारी चर्च भरलं. उत्तरेच्या भिंतीलगत सतरंजीवर संडे स्कूलची मुलं बसली होती. शाल घालून झाली, टाळ्या झाल्या. आमच्यात रीत आहे, देवाने आपल्यासाठी काय केलं ते माणूस उभा राहून सांगतो, त्याला साक्ष म्हणतात. मी माइक पुढे केला, "मामा, साक्ष द्या."

मामांनी माइक हातात घेतला. म्हणाले, "माज्या साक्षी तर तुमी खरडून टाकल्या, सर."

लोक हसले. मीही हसलो.

"भेगंवर कागुद लावला की त्यो साक्ष देतोय. भिंत हालली की कागुद फाटतोय. समद्यावर तारखा व्हत्या." त्यांनी बोट केलं. "ह्या भिंतीवरची गेल्या हप्त्यात फाटली. तेच सांगायलोय दोन दिसापास्नं. लेकरं उठवा आदी तितनं."

हसू जागच्या जागी विरलं. मी मुलांकडे धावलो. सतरंजी ओढताना तोंडातून "उठा, उठा" याशिवाय काही निघत नव्हतं. सत्काराचा नारळ कुठे पडला, कोण जाणे.

सोमवारी इंजिनियर आला. ताज्या रंगावर केसाएवढी चीर उमटलेली त्याने मला दाखवली आणि भिंतीला बाहेरून टेकू द्यायला सांगितलं. मला स्वतःची लाज वाटली; मामांपुढे जाऊन "चुकलो" म्हणालो. मामांनी कणकेची खळ शिजवली, मी शिडी धरली. नव्या पट्टीवर तारीख घालायला त्यांनी पेन्सिल माझ्याकडे दिली.

भिंत आता दुरुस्त झाली आहे, पण माझा जीव काही थाऱ्यावर नाही. परवाच्या रविवारी प्रार्थना चालू असताना मी डोळे उघडून पट्टीकडे बघितलं. धड होती. मान वळवली तर दाराशी मामा उभे, त्यांचेही डोळे उघडे, त्याच भिंतीवर. सगळी मंडळी डोळे मिटून बसली होती. वीस वर्षं तशीच बसत आली होती, मामा जागे होते म्हणून.