सहस्रचंद्रदर्शनातला तटस्थ जावई

अमेरिकेच्या राजकारणात मी जवळजवळ दोन वर्षं दोन्ही पक्षांचा खंदा समर्थक होतो. मला तिथे मतदानाचा अधिकार नाही. मी आयर्लंडमधल्या लिमरिकमध्ये राहतो, एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासतो आणि अमेरिकेत आजवर दोनदा गेलोय. दोन्ही वेळा कामासाठी, आणि दोन्ही वेळा माझी बॅग भलत्याच राज्यात उतरली.

माझ्या बायकोला, वैशालीला, एक मोठा भाऊ आणि एक धाकटी बहीण. श्रीकांतदादा टेक्सासात, मेघना कॅलिफोर्नियात. दोघंही अमरावतीला एकाच घरात, एकाच डब्यातली पोळीभाजी खाऊन वाढले. मग अमेरिकेत गेले, रीतसर नागरिक झाले आणि आपापली वेगळी अमेरिका घेऊन बसले. दादाच्या मते देश मेघनासारख्यांनी बुडवला, मेघनाच्या मते दादासारख्यांनी. २०१६च्या निवडणुकीचा निकाल लागला त्या दिवशी दोघांनी फोनवर एकमेकांना काही विशेषणं लावली आणि बोलणं बंद केलं. (विशेषणं दोन्हीकडून तीच होती, असं मला नंतर समजलं. शेवटी शाळा एकच.)

माझ्याशी मात्र दोघंही बोलत. बायकोचा मोठा भाऊ म्हणजे मानाचा माणूस, त्याला उलटून बोलायचं नाही. धाकटी मेव्हणी लाडाची, तिला तर मुळीच नाही. शनिवारी दादाचा फोन येई. "सुधीरराव, तुम्हीच सांगा, देशाला सीमा असावी की नसावी?" मी भांडी विसळत म्हणे, असावीच ना, दादा. रविवारी मेघनाचा येई. माणसांना असं दारात अडवणं तुला पटतं का जिजू, असं ती विचारी, आणि मी कपड्यांच्या घड्या घालत म्हणे, छे, मुळीच नाही. याला मी मनातल्या मनात तटस्थपणा म्हणत असे. ज्या देशात राहतो तोही तटस्थ, तेव्हा माझं धोरण सरकारी धोरणाशी सुसंगत होतं. या दोन वर्षांत माझी भांडीही फार स्वच्छ निघाली.

यात खरा जीव अडकला होता तो माझ्या सासऱ्यांचा. बाबा विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. सासूबाई होत्या तोवर दर रविवारी तिन्ही मुलं एकाच व्हिडिओ कॉलवर जमत आणि एकमेकांची खेचत. सासूबाई गेल्या, पाठोपाठ ती निवडणूक झाली, आणि बाबांना रविवारी तीन वेगळे कॉल येऊ लागले. एकदा ते वैशालीला म्हणाले, "एकच गोष्ट तीनदा सांगून राहिलो मी. वर्गात एकदा सांगितली का साठ पोट्टे ऐकत." हे ते हसत म्हणाले, पण वैशाली फोन ठेवून बराच वेळ ओट्याशी उभी राहिली. बाबांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं तेव्हा त्यांनी एकच मागणं मागितलं. होम नको, जेवणावळ नको. तिन्ही मुलं एका ओळीत बसलेली पाहायची आणि तसा एक फोटो घ्यायचा.

पण बसवायची कुठे? दादा कॅलिफोर्नियात पाऊल ठेवणार नव्हता, मेघना टेक्सासात. अमरावतीसाठी दोघांच्या सुट्ट्या जुळेनात. (जुळवायच्या नव्हत्या, असं वैशालीचं मत.) मग कुणीतरी नकाशा पाहिला. कुणीतरी म्हणजे मीच. आयर्लंड मधोमध, शॅनन विमानतळ आमच्या घरापासून अर्ध्या तासावर, अमेरिकेहून थेट विमानं. मी दोघांना वेगवेगळं पटवलं. दोघंही मला वेगवेगळं म्हणाले की बाकी कोणासाठी नाही, पण केवळ तुमच्यासाठी येतो. ही धोक्याची घंटा होती. मला ती कौतुकाची वाटली.

२०१८च्या जुलैत सगळे आले. बाबा आधीच येऊन स्थिरावले होते. मी पूर्वतयारी म्हणून टीव्हीचा रिमोट हॉट प्रेसमध्ये दडवला. (हॉट प्रेस म्हणजे इथल्या घरातलं गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. त्यात टॉवेल उबदार राहतात आणि लपवलेल्या वस्तू मऊ पडतात.) वैशालीने निषिद्ध विषयांची यादी केली. राजकारण, कर, बंदुका, भिंती. पहिल्याच नाश्त्याला कळलं की यादी फार तोकडी आहे. बाबांनी रक्तदाबाची गोळी घेतली, त्यावरून औषधांच्या किमती निघाल्या. आमच्या मुलीने, रियाने, शाळेच्या सहलीचं सांगितलं, त्यावरून शाळांत काय शिकवतात ते निघालं. अ‍ॅव्होकाडो कापला तर तो कुठून आला आणि त्याला कोणी येऊ दिलं इथवर गेलं. शेवटी मी हुकमी पत्ता टाकला आणि म्हणालो की यंदा उन्हाळा कमालीचा कोरडा आहे, लोकांची हिरवळ करपून गेलीय. मेघना भिंतीकडे बघत म्हणाली की पृथ्वी तापतेय हे काही जण मान्यच करत नाहीत. दादा खिडकीकडे बघत म्हणाला की उन्हाळ्यात ऊन पडतं, याचाही काही जण मोर्चा काढतात. त्यानंतर आमच्या घरात हवामानावर बंदी आली. आयर्लंडमध्ये हवामानावर बंदी म्हणजे जवळपास मौनव्रतच.

दोघं समोरासमोर बसत आणि एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत. मीठ हवं असलं तरी ते माझ्याकडून फिरून जाई.

शेजारच्या नोरीनबाई सत्तरीच्या, मनाने प्रेमळ. त्या ब्राऊन ब्रेड घेऊन आल्या आणि पाच मिनिटांत त्यांना सगळा प्रकार कळला. त्या बाबांच्या शेजारी बसल्या आणि सांत्वन म्हणून त्यांनी स्वतःच्या घरची हकीकत सांगितली. इथल्या यादवी युद्धात त्यांच्या आजोबांचे दोन भाऊ दोन बाजूंना होते. पुढे चाळीस वर्षं एकाच रस्त्यावर राहिले, एकाच चर्चात गेले, पण बोलले नाहीत. वाद तहाच्या नेमक्या कोणत्या कलमावरून होता, हे आता घरात कोणालाच धड सांगता येत नाही, असं त्या हसून म्हणाल्या. बाबा हसले नाहीत. मी भाषांतर करत होतो, आणि चाळीस वर्षं हा आकडा गाळायला हवा होता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

"चाळीस?" बाबांनी विचारलं. मग चहा न पिताच उठून बागेत गेले.

दुसऱ्या दिवशी कार्य. गुरुजी अमरावतीहून व्हिडिओवर, पाहुण्यांत नोरीनबाई, ताटात मेणाचे छोटे दिवे, सगळं नीट पार पडलं. औक्षणाला दादा बाबांच्या डाव्या हाताला उभा राहिला, मेघना उजव्या. मधे बाबा होते म्हणून ते जमलं. फोटोसाठी सोफ्यावर बसा म्हटल्यावर मात्र दादाला फोन आला आणि मेघनाला डोकेदुखी. दोघांची परतीची विमानं दुसऱ्या दिवशी सकाळी होती. बाबा फक्त म्हणाले, "बरं, आहेर तरी उरकून घ्या."

इथे सासरचा एक नियम सांगितला पाहिजे. कार्यात मिळालेला आहेर त्यांच्याकडे कपाटात जात नाही. तो तिथल्या तिथे अंगावर चढवायचा आणि घालूनच थोरांना नमस्कार करायचा. देणाऱ्याचा मान. यजमान जावई म्हणून यंदा आहेराचा मानकरी मी होतो.

पहिला मान मेघनाने घेतला. माझ्या हातात पुडकं ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली की या कुटुंबात विचार करणारा निदान एक माणूस आहे. दादा लगेच उठला आणि म्हणाला की अगदी हेच मला म्हणायचं होतं. त्यानेही पुडकं ठेवलं. दोन वर्षांत त्यांचं प्रथमच एकमत झालं होतं, आणि ते माझ्या शहाणपणावर झालं होतं. मला भरून आलं.

मेघनाच्या पुडक्यातून निळा टी-शर्ट निघाला. छातीवर मोठ्या अक्षरांत, प्रतिकार करा, अशी तिच्या बाजूची घोषणा. दादाच्या पुडक्यातून आपला परंपरेने आलेला टॉवेल-टोपीचा आहेर निघाला. टॉवेल साधा होता. टोपी लाल होती, पुढे चोच असलेली, आणि तिच्यावर त्याच्या बाजूची ती जगप्रसिद्ध घोषणा पांढऱ्या धाग्याने भरलेली.

मी दोन्ही वस्तू मांडीवर पालथ्या घातल्या. बाबांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता.

"घाला न, जावईबापू. काय पाहून राहिले?"

मी घातलं. झब्ब्यावर निळा टी-शर्ट, डोक्यावर लाल टोपी, खांद्यावर टॉवेल. वाकून नमस्कार केला. नोरीनबाईंनी वैशालीला हळूच विचारलं की हा विधीचा भाग आहे का, आणि वैशालीने हो म्हणून सांगितलं. रिया बारा वर्षांची, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र पक्क्या लिमरिकच्या इंग्रजीत. ती म्हणाली, "डॅड, यू लुक लाइक अ डिबेट."

दादा माझ्या छातीकडे बघत होता. मेघना माझ्या डोक्याकडे.

"सुधीरराव," दादा म्हणाला, "तुम्ही हिला काय सांगत होतात?"

मी म्हणालो की विशेष काही नाही, आहेराला नाही कसं म्हणणार. ते कोणीच ऐकलं नाही. मेघनाने फोन काढला होता. वर न बघता ती म्हणाली, "दादा, तुझ्याकडे याचे मेसेज असतील ना? दाखव."

वैशालीने माझा दंड घट्ट धरला. त्या भांडणानंतर मेघनाने दादाला सरळ उद्देशून काढलेले हे पहिले शब्द. दादाही ते ऐकून क्षणभर गडबडला. मग खिशातून फोन काढत जाऊन तिच्या शेजारी सोफ्यावर बसला. पुढची वीस मिनिटं दोघांनी माझा पत्रव्यवहार तारीखवार लावून वाचला. "अगदी बरोबर आहे" हे वाक्य दोघांना एकाच दिवशी, परस्परविरुद्ध बातम्यांवर गेलं होतं. "माझ्या आयरिश सहकाऱ्यांनाही नेमकं असंच वाटतं" हेही दोघांना गेलं होतं. (माझे आयरिश सहकारी फक्त हर्लिंगच्या सामन्यांबद्दल बोलतात.) एका लेखाखाली मी मेघनाला "डोळे उघडले" असं लिहिलं होतं. तो लेख मी उघडलाच नव्हता, हेही त्यांनी शोधून काढलं, कारण मेघनाने चुकून पाठवलेली ती भरल्या वांग्यांची पाककृती होती.

इथे दादा हसला. आधी नाकातून, मग खांदे हलवत. मेघनाने त्याच्या गुडघ्यावर थाप मारली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. वैशाली माझा दंड सोडून त्यांच्यात जाऊन बसली आणि तिसरा फोन काढून त्यांना पुरावे पुरवू लागली. (लग्नाला चौदा वर्षं झाली होती.)

तेवढ्यात बाबांनी चष्मा शोधून डोळ्यांवर चढवला. माझी टोपी वाचली, टी-शर्ट वाचला, आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, "खरं सांगा, जावईबापू. तुमचं स्वतःचं मत काय हाय?"

मी प्रामाणिकपणे शोध घेतला. सत्य हेच की दोन वर्षं दोघांचं ऐकता ऐकता माझं मत कुठेतरी ठेवून मी विसरलो होतो.

"तुम्ही म्हणाल तसं, बाबा," मी म्हणालो.

सोफ्यावरून जो आवाज उठला तो नोरीनबाईंच्या घरापर्यंत गेला असता, पण त्या इथेच होत्या आणि त्याही हसत होत्या. बाबा त्या तिघांकडे वळले. "हलू नका रे. असेच बसा. कोणीतरी फोटो काढा." मोकळा माणूस एकटा मीच होतो. मी फोटो काढला. तिन्ही मुलं एका ओळीत, तिघांची तोंडं उघडी, तिघांची बोटं फोटो काढणाऱ्याकडे. बाबांनी तो त्याच क्षणी अमरावतीला सगळ्यांना पाठवला, आणि मग चहा मागून घेऊन पूर्ण संपवला.

मतांत कोणाच्याही तसूभर फरक पडलेला नाही. सकाळी विमानतळावर दादा आणि मेघना करांवरून इतके भांडले की सुरक्षा तपासणीच्या रांगेत लोक त्यांना पुढे सोडत होते. पण भांडत होते एकमेकांशी. रविवारचा कॉलही पुन्हा एकच झालाय. पहिली पंधरा मिनिटं माझ्या स्वभावावर बोलतात, तेव्हा संपूर्ण एकमत असतं. मग बाबांना झोप येईपर्यंत अमेरिका.

तिघांनी बाबांना घेऊन एक नवा ग्रुपही काढला. त्यात मला घ्यावं का, यावर म्हणे रीतसर मतदान झालं. दोन्ही पक्षांनी खांद्याला खांदा लावून विरोध केला. बाबांनी निकाल मुलांवर सोपवला. माझी बायको तटस्थ राहिली.