तिप्पटताईंची चौथी प्रत

ऑफिसात त्यांना खऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही. तिप्पटताई म्हणतात. आणि तीनदा हाक मारल्याशिवाय त्या वळतही नाहीत.

जी वस्तू एकच आहे ती नाहीच असं समजावं, हे ताईंचं ठाम मत. पर्समध्ये तीन पेनं, घरात तीन छत्र्या. येताना साबण आण, हे नवऱ्याला त्या तीनदा सांगतात. तो मात्र एकदाच विसरतो. त्याचं तेवढ्यात भागतं.

कामही त्यांना मापाने शिवल्यासारखं मिळालं. अंध श्रोत्यांसाठी पुस्तकांचं वाचन रेकॉर्ड करणारी ही संस्था. इतके आवाज एका सर्व्हरवर मावत नाहीत, म्हणून सहा सर्व्हर. तीन तळमजल्याच्या खोलीत, तीन अंगणापलीकडच्या नव्या इमारतीत. सहाही मिळून एकच मोठं कपाट असल्यासारखे वागतात. त्यात ठेवलेल्या प्रत्येक फाईलच्या आपोआप तीन प्रती होतात, तीन वेगळ्या सर्व्हरवर. एक आजारी पडला तर दुसरा बोलेल. ही मांडणी ताईंची. नव्या माणसाला त्या ती समजावून सांगतात तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, आता प्रलय आला तरी आपल्याला काय.

या कपाटातली सगळ्यात मोलाची चीज म्हणजे वाचककाकांचा आवाज. काकांनी उभं आयुष्य इथे पुस्तकं वाचली. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. तरी ते रोज येतात. ठरलेल्या खुर्चीत बसतात आणि मोबाईलवर टाईप करून सगळ्यांच्या चुका काढतात. शेवटचं पुस्तक त्यांनी ऑपरेशनच्या आधी कसंबसं पुरं केलं होतं. ते अजून श्रोत्यांकडे गेलेलं नव्हतं. ताईंच्या कपाटाबाहेर ते जगात कुठेही नव्हतं.

तर एका सकाळी ताई कचरा टाकायला घराबाहेर आल्या आणि मागे दार लागलं. त्या मुळीच घाबरल्या नाहीत. उलट गालात हसल्या. किल्ली आत राहिली म्हणून काय झालं? बाहेर तीन होत्या. एक नवऱ्याकडे, एक धाकट्या जावेकडे, एक शेजारच्या काकूंकडे. काकूंची बेल वाजवताना त्यांना आठवलं, काकू आज सहलीला गेल्या आहेत. जाऊबाईही. नवराही. नशिबाने फोन हातात होता.

“काळजी करू नकोस,” नवरा म्हणाला. “तिन्ही किल्ल्या सुखरूप आहेत. बसच्या एकाच बाकावर शेजारी शेजारी बसल्यात.”

मागून जाऊबाईंचं हसू आलं, मग काकूंचं. ताईही हसल्या. आणि हसता हसता थांबल्या.

तीन प्रती तीन सर्व्हरवर ठेव, हे सिस्टिमला सांगितलं होतं. पण कुठला सर्व्हर कुठल्या खोलीत आहे, हे सांगितलं होतं का? नाही सांगितलं तर ती बिचारी सगळे एकाच खोलीत आहेत असं धरून चालते. मग तीन प्रती कुठेही पडतात. तीन किल्ल्या, एक बस.

घरातल्या चपलांवरच त्या ऑफिसात पोचल्या. सेटिंग उघडलं. खोल्यांच्या नावांची जागा कोरी होती. नंतर भरू म्हणून त्यांनीच सोडलेली. काकांचं शेवटचं पुस्तक शोधलं. तिन्ही प्रती तळमजल्यावर निघाल्या.

आणि नेमका त्याच दिवशी प्लंबर आला होता. त्या खोलीच्या छताखालून एक गळका पाईप जायचा, तो कापून बदलायचा होता. माणूस शिडीवर चढलेला. शेजारी व्यवस्थापक मॅडम सूचना देत उभ्या. खुर्चीत काका.

ताई म्हणाल्या, थांबा. प्लंबरने खाली पाहिलं. त्याला अजून दोन ठिकाणी जायचं होतं, आणि तुमच्याकडे तर म्हणे सगळं तीनदा असतं, असंही त्याने सुनावलं.

“तीनदाच आहे,” ताई म्हणाल्या. “पण तीनही याच खोलीत. चूक माझी आहे.”

हे त्यांनी एकदाच सांगितलं. ताईंच्या तोंडून एकदाच आलेलं वाक्य ऑफिसने प्रथमच ऐकलं. मॅडमनी कपाळाला हात लावला. विश्वस्तांना आपण कायकाय छातीठोकपणे सांगून बसलो, ते त्या आठवू लागल्या. काकांनी मोबाईल उचलला, मग तसाच खाली ठेवला.

ताईंनी खोल्यांची नावं भरली. पण नुसती नावं लिहून जुन्या प्रती जागच्या हलत नाहीत. म्हणून त्यांनी प्रत्येक फाईलची चौथी प्रत मागितली. आता सिस्टिमला दोन खोल्या दिसत होत्या, त्यामुळे तिने ती पलीकडच्या इमारतीत नेऊन ठेवायला घेतली. ती पोचली की मागणी पुन्हा तीनवर आणायची. तिप्पटताईंनी चार मागितल्या, ही बातमी चहाच्या आधी सगळ्या मजल्यांवर फिरली. प्लंबर शिडीवरून उतरून स्क्रीनसमोर बसला. यापेक्षा पाणी लवकर पोचतं, असं तो अधूनमधून म्हणत राहिला.

सगळ्यात शेवटी काकांचं पुस्तकही पलीकडे पोचलं, असं स्क्रीन म्हणाली. स्क्रीनवर विश्वास ठेवणाऱ्यांतल्या ताई नव्हेत. त्यांनी पुस्तक सुरू केलं. खोलीत काकांचा जुना, भरदार आवाज भरला. आता या खोलीतले तीनही सर्व्हर बंद करायचे, आणि आवाज चालू राहतो का ते ऐकायचं. ताईंनी बटणाकडे हात नेला. तो तिथेच राहिला.

काका खुर्चीतून उठले. ताईंचा हात त्यांनी अलगद बाजूला केला आणि स्वतः बटण दाबलं.

आवाज थांबला. वाचता वाचता माणूस श्वास घेतो, तेवढाच. मग पुढचं वाक्य आलं.

ताईंचा जीव भांड्यात पडला. मॅडमनी डोळे पुसले. काका मात्र कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. मग त्यांनी टाईप करून मोबाईल ताईंसमोर धरला.

‘इथे मी खोकलो आहे. काढून टाक.’

“आता नाही जमायचं, काका,” ताई म्हणाल्या. “तो खोकला दोन इमारतींत राहायला गेलाय.”

काका रागारागाने पुन्हा टाईप करू लागले. मोठा मजकूर असावा. प्लंबर शिडी चढला.