तान सेनापतीचा तिसरा कौल

“पळाला म्हंजी पळालाच, काका. मी न्हाई पळिवला त्याला. जुन्या कागदात हाय, लढाईच्या पयल्या दिशी त्याची नाव खाडीत न्हवती,” सिऊ-खिम म्हणाली.

“कागदाला कोन नवस बोलतंय?” थियाम-होककाका म्हणाले. “लोक तान सेनापतीला बोलत्यात. आन तू त्याच्याच वाढदिसाला, त्याच्याच अंगणात, त्यो भित्रा हुता म्हनून पुस्तक इकनार?”

“माघारी बी आला न्हवं? दोन्ही लिवलंय. तुमी निम्म्यातच मिटलंय.”

काका देवळाच्या कमिटीचे प्रमुख. सिऊ-खिम आमच्या किनाऱ्यावर कालवं फोडणारी बाई, वय बावन्न. दोनशे वर्षांमागं चाच्यांशी लढून मेलेला आणि मग आमच्या गावचा देव झालेला तान, त्याच्यावर ती नऊ वर्षं कादंबरी लिहीत होती. भरती असली की काम नसायचं, तेव्हा लिहायची. तायपेईच्या एका प्रकाशकानं ती छापली. तिथल्या पुस्तकांच्या दुकानात तिचं भाषण ठेवलं, तर सात माणसं आली. त्यातली तिघं एसीच्या गारव्याला बसलेली. प्रश्न आला तो एकच, कालवांच्या ऑम्लेटला पीठ कुठलं वापरायचं. मग प्रकाशकाचा फोन आला, तानच्या वाढदिवसाच्या जत्रेत खपली तर खपली, नाहीतर उरलेल्या प्रती रद्दीत घालतो.

जत्रेला चार गावचं माणूस येतं. पण टेबल मांडायचं तर कमिटीची परवानगी लागते.

“मी कोन न्हाई म्हननारा?” काका म्हणाले. “त्यालाच इचार. लागोपाठ तीन कौल दिलं तर मांड टेबल.”

कौलाची लाकडं दोन, चंद्रकोरीच्या घडणीची. एक उताणं नि एक पालथं पडलं तर होकार. दोन्ही पालथी, तर नकार. दोन्ही उताणी, तर देव हसतोय. सिऊ-खिमनं हात धुतले, गुडघे टेकले, देवाला आपलं नाव-पत्ता सांगितला आणि “पुस्तक इकू का?” म्हणून लाकडं टाकली.

दोन्ही उताणी. परत टाकली, परत उताणी. तिसऱ्यांदा तेच.

“हसतोय त्यो,” मागून बी-हा म्हणाली. ती सिऊ-खिमच्या शेजारच्या पाटावर कालवं फोडते आणि कुणाची भीड ठेवत नाही. “पुस्तक इकायचं त्याला काय कळतंय? त्यो काय दुकानदार हाय? त्याला ठावं हाय त्ये इचार की.”

“म्हंजी काय?”

“पळाला हुतास का, म्हनून.”

बाकांवरची म्हातारी माणसं पुढं सरकली. देवावर सिऊ-खिमचा विश्वास आहे. नकार आला असता तर टेबल राहिलं बाजूला, नऊ वर्षांचं लिखाणच खोटं पडलं असतं. तरी तिनं विचारलं.

“पयल्या दिशी पळाला हुतास का? लाजू नगंस, आता छापून झालंय.”

एक उताणं, एक पालथं.

कुणीतरी खाकरलं. तिनं परत टाकली. एक उताणं, एक पालथं.

तिसऱ्यांदा तिनं लाकडं कपाळाला लावली, तोच काकांनी येऊन ती काढून घेतली.

“बास.”

“अजून एक ऱ्हायलाय, काका.”

“बास म्हनलं न्हवं? दोन कौल धरत न्हाईत. त्यानं काय कबूल केल्यालं न्हाई. टेबल फाटकाच्या डाव्या अंगाला मांड, फटाक्यांपास्नं लांब.”

जत्रेत टेबल मांडलं. येईल तो विचारी, “कंच्या पानावर पळतोय?” ती पान सांगे. कोणी उभ्या उभ्या वाचून सॉसेज खायला जाई, कोणी पुस्तक काखेत मारून नेई. माघारी येतो ते पान कुणीच विचारलं नाही. निम्म्या प्रती गेल्या. प्रकाशक म्हणाला, रद्दीचं सध्या राहू द्या.

दुसऱ्या दिवशी पाटावर बसताना बी-हानं विचारलं, “तिसरा टाकला असतास तर?”

“आला असता.”

“आन न्हाई आला तर?”

“तर समदं परत लिवाया लागलं असतं. सर तिकडं, सुरी दे.”

मग तिनं टोपलीतलं पहिलं कालव उचललं आणि सांध्यात सुरीचं टोक घातलं.