अक्कांनी विकलेला चेहरा

आमच्या घरात गरम भाकरी मिळेनाशी झाली ती अक्कांमुळे. तव्यावरची भाकरी टोपलीत पडायच्या आत त्या ती उचलून गॅलरीत पळायच्या. शेजारी शेंगाचटणी मांडायची, कांदा फोडून ठेवायचा, मग स्टुलावर चढून वरून फोटो. आम्ही इकडे ताटं घेऊन बसलेलो. "हात लावू नका कुणी! उजेड चालला!" हे ओरडणं जुळे सोलापुरातल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला पाठ झालं होतं. भाकरी परत यायची तेव्हा तिचा पापड झालेला असायचा.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, गिरिजा. माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे भांडण कानडीतून आणि समेट मराठीतून. समोरासमोरच्या दोन फ्लॅटांत आम्ही दोघी राहायचो आणि दोन्ही घरांत मिळून एक सासूबाई, अव्वा. इंटरनेटवर फोटो विकणाऱ्या एजन्सी असतात हे अक्कांना कुठून तरी कळलं आणि घराची झोप उडाली. आपण फोटो टाकायचे. जगात कुणाला जाहिरातीला, पुस्तकाला लागला की तो पैसे भरून घेतो. कोण घेतो, कशाला घेतो, ते आपल्याला कळत नाही. अक्कांना त्याचंच भारी वाटायचं. "शैला, आपली शेंगाचटणी आत्ता कुठल्या देशात असंल, सांग बघू?" असं मला भर स्वयंपाकात विचारायच्या. मी म्हणायचे, "अक्का, कुठल्याही देशात असू दे, ताटात कधी येणार तेवढं सांगा."

बाई एका जागी ठरायची म्हणून नाही. फोडणी टाकली आणि खिडकीबाहेर ढग चांगले दिसले की गॅस बंद करायचं भान नाही. एकदा आम्ही दोघी स्कूटीवरून साड्यांना फॉल लावायला द्यायला निघालो होतो. सात रस्त्याच्या चौकात सिग्नल सुटला, मागून हॉर्नचा कल्लोळ, आणि अक्का स्कूटी माझ्या हातात देऊन एका फुलवाल्याच्या हारांचा फोटो काढायला उतरल्या! मला स्कूटी येत नाही. ट्रॅफिक पोलिसानं माझाच उद्धार केला. ऊसतोडीच्या दिवसांत एकदा सकाळी "दूध आणते" म्हणून बाहेर पडल्या आणि पार श्रीपूरच्या साखर कारखान्यावर जाऊन उसाच्या बैलगाड्या टिपून संध्याकाळी उगवल्या. दूध अर्थात विसरल्या होत्या.

त्या बैलगाड्यांतले निम्मे फोटो परत आले, कारण मागे ट्रॅक्टरवर कंपनीचं नाव दिसत होतं. एजन्सीला फोटोत कुठल्याही कंपनीचं नाव चालत नाही. झालं! अक्कांनी दोन्ही घरांतल्या डबेबाटल्यांची लेबलं खरवडून काढली. आमसुलाचा अर्क आणि भांडी घासायचं लिक्विड एकसारख्या बाटल्यांत शेजारी शेजारी उभे. माझ्या भावाला सरबत करताना पहिलाच चमचा फेसाळला तेव्हा कळलं. नाहीतर माहेरी तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

या धंद्यात फोटो नुसता चांगला असून भागत नाही, तो सापडायला लागतो. म्हणून प्रत्येक फोटोखाली शोधशब्द लिहायचे. दुपारी मी जरा आडवी झाले की अक्का लॅपटॉप घेऊन उशाशी हजर. "ज्याला फोटो हवाय तो काय लिहून शोधंल, त्याच्या डोक्यात शिरायचं. आपल्याला काय दिसतं ते सोडून दे." जास्वंदीच्या एका फुलाखाली त्या पूजा, प्रेम, केसांचं आरोग्य, योगासनं असलं काय काय लिहायच्या. मी हसायचे. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

अव्वांचा फोटो याच भरात निघाला. अव्वा खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, चेहऱ्यावर बाजूचा उजेड, नजर थेट आमच्यावर. फोटो असा उतरला की मीसुद्धा हातातलं काम टाकून बघायला आले. माणसाचा फोटो विकायचा तर त्या माणसाची संमतीची सही लागते. अक्कांनी कागद पुढे केला. मी म्हटलं, "अव्वा, त्यात काय लिहिलंय ते वाचून दाखवू का?" अव्वांनी मला उडवूनच लावलं. "माज्या सुनेनं आणलंय न्हवं? मग वाचायचं काय त्यात?" आणि ठसठशीत कानडी सही केली. अक्कांनी फोटो चढवला आणि खाली सवयीनं शब्द लिहिले: वृद्धत्व, एकटेपण, वाट पाहणे, निराधार. दोन मुलं, दोन सुना आणि नातवंडांच्या गराड्यात बसलेली बाई! पण फोटो शोधणारे तसंच काहीतरी शोधतात, हा अक्कांचा हिशेब.

तो बरोबर निघाला. फोटो खपायला लागला. अक्का नाचत होत्या, अव्वा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "परदेशात गेलाय माजा फोटू."

आणि एके दिवशी अव्वांचे धाकटे भाऊ, आमचे मामा, गावाहून आले. दारातून आत आले तेच लालबुंद होऊन. पाणी पुढे केलं तर घेईनात. "माज्या भैनीला टाकलं व्हय तुमी? हितं पोरं पोसायला न्हाईत तर मला सांगायचं हुतं की! मी न्हेतो तिला!" आम्हाला काही कळेना. मग म्हणाले, "सात रस्त्याला जाऊन बगा." आम्ही गेलो. एका वृद्धाश्रमाचा हा भला मोठा फ्लेक्स, त्यावर आमच्या अव्वा, आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'हिला कुणीच नाही. तुम्ही आहात ना?'

सोलापुरात आमची सोयरीक कुठवर पसरलेली! दोन दिवस फोन खणखणत होते. पण खरी गोष्ट त्या फोनांत नव्हतीच. अव्वांनी फ्लेक्स बघायचा हट्ट धरला. अक्का त्यांना रिक्षानं घेऊन गेल्या, मी बरोबर. अव्वा रिक्षातून उतरल्या, कमरेवर हात ठेवून वर बघत राहिल्या. मला खालचा मजकूर वाचायला लावला. मी वाचला. मग त्यांनी वळून एवढंच विचारलं, "तुला मी अशी दिसते व्हय ग, गिरिजा?"



त्याच दुपारी अक्का त्या वृद्धाश्रमात जाऊन धडकल्या. तिथले व्यवस्थापक भले गृहस्थ. म्हणाले, "बाई, आम्ही रीतसर विकत घेतलाय. आम्हाला वाटलं, असेल कुठली तरी लांबची म्हातारी. आपल्याच गावातली निघेल असं कुणाच्या मनात येणार?" त्यांचं काही चुकलं नव्हतं, आणि अक्कांना नेमकं तेच सोसवेना. गृहस्थांनी फ्लेक्स उतरवून माळ्यावर टाकायचं कबूल केलं. अक्कांनी घरी येऊन एजन्सीचं खातं बंद केलं आणि रागाच्या भरात अव्वांचे सगळे फोटो कॉम्प्युटरमधून, कार्डातून, होते नव्हते तेवढे पुसून टाकले. मी हात धरत होते, ऐकतील तर अक्का कसल्या!

अव्वा नंतर त्या विषयावर चकार शब्द बोलल्या नाहीत. अक्कांच्या हातचं जेवत होत्या, त्यांच्याकडूनच वेणी घालून घेत होत्या. अक्का माफी मागायला लागल्या की म्हणायच्या, "साकु ग, साकु, पुरे. झालं की आता ते." पण अक्कांच्या हातात कॅमेरा दिसला, साधा मोबाइल जरी वर झाला, की अव्वांचा पदर तोंडावर. रागानं नाही, माशी हाकलावी इतक्या सहज. अक्कांनी काय काय केलं! नातवाच्या वाढदिवसाला सगळ्यांच्या घोळक्यात उभं केलं, दिवाळीत नवी साडी नेसवली. पदर आलाच. कॅमेरा खाली गेला की पदरही खाली, आणि गप्पा पुढे चालू. अक्का येरझाऱ्या घालायच्या, रांगोळी अर्धी टाकून उठायच्या. मला म्हणाल्या, "त्यांनी मला दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं ग. एकदा, फक्त एकदा त्यांनी मला बघू द्यावं." मला बाईची दया यायची आणि रागही यायचा. अव्वांचाही राग यायचा, खोटं कशाला बोलू?

अव्वा थंडीत गेल्या. ताप आला, दवाखान्यात नेलं, आणि घरी परत आणल्या त्या तशाच. माणसं यायला लागली. पुढं ठेवायला फोटो शोधायला गेलो तर फोटोच नाही! आधार कार्डावरचा घाबरलेला, लग्नाच्या अल्बममधले कोपऱ्यात डोळे मिटलेले, अलीकडच्या सगळ्यांत पदर. जिच्या घरात हजारो फोटो निघाले त्या बाईचा एक धड चेहरा आमच्यापाशी नव्हता. अक्कांनी कपाटं उपसली, आणि मग स्कूटीची किल्ली घेऊन निघून गेल्या.

आल्या तेव्हा स्कूटीच्या पुढ्यात सतरंजीसारखी गुंडाळी उभी बांधलेली. हॉलमधला सोफा सरकवला, वृद्धाश्रमाच्या माळ्यावरचा तो फ्लेक्स उलगडला. भिंतीएवढ्या अव्वा. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. अक्कांनी कात्री मागितली आणि गुडघ्यांवर बसून खालचा मजकूर कापायला लागल्या. फ्लेक्स घसरत होता, तर मामा पुढे आले आणि त्यांनी कड धरली. अक्षरं गेली. नुसता चेहरा राहिला. मामांनी वाकून बघितलं. "ही काय दुःखात न्हाय," ते म्हणाले. "चिडलीय ती. अशीच बगायची ल्हानपणापासून."

"चहा निवत होता त्यांचा," अक्का म्हणाल्या. "फोटो होईस्तोवर मी कपाला हात लावू देत नव्हते." आणि मग त्या हमसून हमसून रडल्या. आल्यागेल्या बायकांनी स्टुलावर चढून त्या एवढ्या मोठ्या कपाळाला विभूती लावली.

पुढे अक्कांच्या यजमानांना, भावजींना, हुबळीला नोकरी मिळाली. टेम्पो भरायच्या दिवशी अक्का भांडीकुंडी, मिक्सर, कॅमेऱ्याचा स्टँड, सगळं मला देऊन टाकायला निघाल्या. फ्लेक्सची गुंडाळी मात्र त्यांच्या काखेत होती. मी तिच्याकडे बघतेय हे त्यांनी ओळखलं.

"हा मागू नकोस, शैला. दुसरं काय पाहिजे ते घे."

मी काहीच घेतलं नाही. मला तोच हवा होता.