मामांची जीप दारात येते तेव्हा

ट्रिपचे फोटो मोबाइल बदलला की जातात. फजिती मात्र आम्ही जपून ठेवतो, अर्थात दुसऱ्याची!

आम्ही तिघं. गॅरेजवाला गणेश, मी आणि रिटायर झाल्यावर जुनी फोर बाय फोर जीप घेतलेले भास्करमामा. मामींनी तेव्हाच दम दिला होता, "एकदा जरी दोरीला बांधून दारात आली, तर दुसऱ्या दिवशी इकायची!" मामींचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

*

धारूरजवळ ओढ्याला पाणी होतं. काठावर बसलेला गुराखी म्हणाला, "इथून घालू नका. आमची म्हस बी जात न्हाई."

मामा हसले, "तुमच्या म्हशीला फोर बाय फोर हाय का?"

"न्हाई. डोकं हाय."

त्या ओढ्यातून निघायला आम्हाला तीन तास लागले.

*

एकदा डोंगरात तंबू ठोकत होतो. शेजारीच मेंढपाळांचा तळ पडलेला. त्यातली आजी भाकरी-ठेचा घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "घरच्यांनी काढून दिलं का, बाबा?"

"न्हाई आजी, हौस म्हणून आलोत," गणेश म्हणाला.

"हौस? आमी जलमभर उघड्यावर ऱ्हातो, आमाला कुनी सांगितलंच न्हाई!"

*

गेवराईकडे गोदावरीच्या पात्रात तर गावकऱ्यांनी घेरलंच. जीपमध्ये फावडी दिसली ना! वाळूचोर समजले. मामा शपथा घ्यायला लागले. एका म्हाताऱ्याने जीपभोवती चक्कर मारली, पत्रा वाजवून बघितला.

"सोडा बे ह्यांला. वाळूवाल्यांच्या गाड्या लई भारी असत्यात!"

सुटलो, पण मामा दोन दिवस जेवले नाहीत धड.

*

आणि परवा वडवणीकडच्या नदीत जीप मधोमध बंद पडली. इंजिनात पाणी. ट्रॅक्टरने बाहेर ओढली, पण काही केल्या सुरू होईना. मामांचा चेहरा बघवत नव्हता.

"गणेश, ही गेली तर मी सकाळी उठू कशाला बे?"

गणेशने डोकं लढवलं. मामांची गल्ली उताराची. ट्रॅक्टरने जीप तिथवर ओढत न्यायची, पण ट्रॅक्टर वरच्या कोपऱ्यावरच थांबवायचा, दोरी सोडायची आणि जीप तशीच दारापर्यंत सोडायची.

सोडली. मामा ऐटीत स्टिअरिंगवर, आम्ही मागे. खाली ओट्यावर मामी मेथी निवडत बसलेल्या. अर्ध्या उतारावर मामांच्या ध्यानात आलं, जीपचा आवाजच येत नाही! घाबरून त्यांनी तोंडानेच सुरू केलं, "घुर्रर्र... घुर्रर्र..."

जीप बरोबर दारात थांबली. मामांचं घुर्रर्र काही थांबेना.

मामींनी मेथीवरची नजरसुद्धा काढली नाही.

"अहो, बंद करा की आता! डिझेल कावून जाळायलात?"